मोत्याचा अपराध

या सदरांत मुलांच्या अभ्यासाविषयीं व घरांतील वळणाविषयीं लिहिण्याचा माझा परिपाठ आहे. आज एका कुत्र्याच्या लघुशंकेविषयीं लिहिणार आहें, हें वाचून कित्येक सोंवळ्या वाचकांच्या कपाळास आंठी पडेल. परंतु गेल्या चातुर्मासांत आमच्या सोनगीरच्या घरीं जें घडलें, त्यांत कुत्र्यापेक्षां मास्तरच अधिक दोषी ठरला. म्हणून तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

मोत्या आमच्या घरीं आला तो दोन महिन्यांचें पिल्लूं म्हणून. नातवंडांनीं त्यास असें वळण लाविलें कीं, पुढें सात वर्षांत त्यानें घरांत एक थेंब सांडला नाहीं. पहांटे परसांत, तिन्हीसांजेस किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत, आणि निजण्यापूर्वीं पुन्हां परसांत, हा त्याचा नेम. असा हा शहाणा कुत्रा एके दिवशीं माजघरांत, देवघराच्या उंबऱ्यापाशींच ओलें करून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेथेंच. तिसऱ्या दिवशीं जिन्याखालीं.

घरांत गहजब उडाला. वहिनींनीं येथल्याच तांबटांनीं घडविलेला आमचा जुना तांब्याचा हंडा भरलेला होता तो ओतून टाकिला व चिंचेनें घांसावयास घेतला. धाकटे बंधू म्हणाले, "माजला आहे तो. आग्रा रस्त्यावर नेऊन सोडून द्या." मी तर छत्तीस वर्षें वर्गावर काढलेला मनुष्य. मीं मोत्याचें नाक त्या ओल्यापाशीं नेलें आणि दोन छड्या ओढल्या. त्यानें कान पाडले, शेपूट पायांत घातलें. मीं सर्वांस म्हणालों, "पाहा, चोराच्या मनांत चांदणें! अपराध कळतो त्याला."

तेव्हां नववींतली नात हळूच म्हणाली, "आजोबा, तो दर घटकेस दाराशीं जातो, पण बाहेर नेलें तरी थेंब थेंबच होतें. मग त्या जागीं सारखा चाटत बसतो. त्याला दुखत तर नसेल? आणि सरमेची गोष्ट तुम्हींच परवां सांगितलीत ना?"

मी निरुत्तर झालों. चातुर्मासांत रात्रीं आदिपर्व वाचून दाखविण्याचा माझा प्रघात. त्याच्या आरंभींच्या पौष्यपर्वांत ही कथा आहे. जनमेजयाचें सत्र चाललें असतां देवशुनी सरमा हिचा मुलगा तेथें आला. जनमेजयाच्या श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन या तिघां भावांनीं त्यास मारिलें. त्यानें हविर्द्रव्यास तोंड लाविलें नव्हतें. त्याकडे पाहिलेंही नव्हतें. मातेनें येऊन कारण विचारिलें, तेव्हां मारणारांस एक अक्षर उत्तर देतां आलें नाहीं, आणि अकल्पित भयाचा शाप त्यांच्या वांट्यास आला.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मोत्यास घेऊन धुळ्यास पशुवैद्यांकडे गेलों. स्वच्छ बाटलींत सकाळचें मूत्र नेलें होतें. तपासणींत रक्त व जंतू आढळले. मूत्राशयास दाह झाला होता. खडा मात्र नव्हता. औषध सुरू झाल्यावर चार दिवसांत घर कोरडें झालें. तरी सांगितलेली मुदत पुरी होईपर्यंत औषध चालूच ठेविलें.

येतां येतां मीं वैद्यांस विचारिलें, "मग त्यानें मान खालीं घातली ती कशाला?" ते म्हणाले, "मास्तर, ती तुमच्या आवाजाला." न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयांतील विदुषी अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनीं २००९ सालीं हाच प्रश्न प्रयोगानें तपासला. कुत्र्यानें चूक केली असो वा नसो, धनी रागावला कीं तो अपराधी मुद्रा करितो. किंबहुना निर्दोष कुत्र्यांची मुद्रा अधिकच ओशाळी दिसली. घडून गेलेल्या गोष्टीचा मार त्यास उमजत नाहीं. धन्यासमोर लघुशंका करणें धोक्याचें, एवढेंच तो शिकतो व पुढें आडोसा शोधूं लागतो.

तेव्हां वळण लागलेला कुत्रा एकाएकीं घरांत ओलें करूं लागल्यास प्रथम रोग शोधावा. पाणी मोजून ठेवावें. निरोगी कुत्रा दिवसाकाठीं वजनाच्या दर किलोमागें सुमारें ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो; तें प्रमाण १०० च्या वर गेल्यास मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार यांची शंका घ्यावी. मात्र घर ओलें होतें म्हणून पाणी कधींही तोडूं नये. शस्त्रक्रिया झालेली कुत्री झोंपेंत गळत असेल, तर तो स्नायूंचा दुबळेपणा होय. त्यावर औषध आहे. म्हातारा कुत्रा कित्येकदां शिकलेलें विसरतो. त्यास अधिक वेळां बाहेर न्यावें. आणि नर कुत्रा कुंथत असून थेंबही पडत नसेल, तर मार्ग कोंडला असण्याचा संभव असतो. तेथें दुसऱ्या दिवसाची वाट पाहणें जिवावर बेतेल.

रोग नसल्यास स्वभाव पाहावा. पाय वर करून भिंतीवर, खांबावर थोडें थोडें शिंपडणें ही हद्दीची खूण होय. नवा पाहुणा वा नवें जनावर घरांत आलें कीं ती उद्भवते. अंग चोरून ओलें करणें ही भीति. दिवाळीच्या फटाक्यांनीं किंवा एकटें कोंडल्यानेंही हें घडतें.

आतां स्वच्छतेविषयीं. वहिनींनीं उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलें होतें. आपल्या दृष्टीनें ती शुद्धि. परंतु कुत्र्याच्या नाकांत गंध ओळखणाऱ्या पेशी वीस कोटींहून अधिक, माणसाच्या सुमारें पन्नास लाख. त्याच्या लेखीं ती आणखी एका प्राण्याची खूणच ठरावयाची! अमोनियाचें द्रवही याच कारणास्तव वर्ज्य. ओल आधीं फडक्यानें टिपून घ्यावी, मग विकरयुक्त, म्हणजे एन्झाइमचें, द्रव लावून सांगितला तेवढा वेळ राहूं द्यावें. शहाबादी फरशीवर व्हिनेगर ओतूं नये. त्या चुनखडीच्या दगडाची झिलई जाते.

त्यानंतर वळण पुन्हां पहिल्यापासून लावावें: उठल्याबरोबर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर व निजण्यापूर्वीं त्याच एका जागीं न्यावें, आणि काम होतांच तेथल्या तेथें शाबासकी व भाकरीचा तुकडा द्यावा. घरांत करतांना दिसल्यास नुसता आवाज देऊन बाहेर न्यावें.

मोत्या आतां बरा आहे. बंधूच त्यास सायंकाळीं किल्ल्याकडे नेतात. छडी मीं परसांत दोडक्याच्या वेलास आधार म्हणून पुरली. परंतु पोथी ठेवण्यास मीं हात जरा उंच उचलला कीं तो अजूनही उठून नातीच्या मागें जाऊन बसतो. अशा वेळीं वर्गांतलीं कांहीं मुलें मला आठवतात. "कां रे?" म्हणून मीं त्यांस कधीं विचारिलें नव्हतें.