शुद्धिपत्रापुरती जागा

दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा यंत्रावर चढण्याच्या रात्री ज्याने छापखान्यात जागून काढल्या आहेत, त्याला ओल्या शाईचा तो वास आणि पहाटेपर्यंतची ती लगबग जन्मभर विसरता येत नाही. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत आमच्याकडे एक वयोवृद्ध मुद्रितशोधक होते. डाव्या हातातील लाकडी पट्टी ओळीखालून ओळीखाली सरकवीत आणि उजव्या हातातील टाकाने समासात तांबड्या खुणा करीत ते एकेक पान वाचून काढीत. हस्तलिखिताशी ताडून पाहिल्यावाचून एकही सनावळीचा आकडा पुढे जाऊ देत नसत. आणि पान निर्दोष झाल्याची खात्री पटली म्हणजे खाली आपली आद्याक्षरे घालून ‘छापण्यास हरकत नाही’ असा शेरा मारीत. अशी सारी पाने त्यांच्या सहीने पार पडल्यावर, शेवटचा फर्मा हाती घेताना, ते जुळाऱ्याला न चुकता एकच प्रश्न विचारीत : “शुद्धिपत्रापुरती जागा राखली आहे ना?”

त्या वयात मला हा प्रश्न केवळ कारखानदारी शिस्तीचा वाटे. पुढे तर्कशास्त्राच्या वाचनाचा नाद लागला, तेव्हा ध्यानात आले की त्या साध्या प्रश्नात श्रद्धा, समजूत आणि प्रामाणिकपणा यांविषयीचे एक गहन कोडे दडलेले आहे. प्रत्येक पानाखाली सही करताना ते पान बिनचूक आहे असे त्यांचे मनापासूनचे मत होते. ती सही खोटी नव्हती. आणि शुद्धिपत्रासाठी जागा राखताना अंकात कुठेतरी चूक राहिलीच आहे, असेही त्यांचे तितकेच मनापासूनचे मत होते. दोन्ही मतांना आधार होता, दोन्ही मते एकाच विचारी माणसाची होती. मात्र ती सर्व एकत्र मांडली तर एकाच वेळी खरी असणे अशक्य होते. डेव्हिड मॅकिन्सन या तर्कज्ञाने १९६५ साली नेमके हेच कोडे ‘प्रस्तावनेचा विरोधाभास’ या नावाने मांडले : ग्रंथकार आपल्या ग्रंथातील प्रत्येक विधान विचारपूर्वक करतो, आणि प्रस्तावनेत मात्र, राहिलेल्या दोषांची जबाबदारी सर्वस्वी माझी, असे लिहून दोष राहिले आहेत हे स्वतःच मान्य करतो. याला अविचारी म्हणावे, की असे न लिहिणाऱ्याला अहंमन्य म्हणावे?

हे मान्य करणे ही निव्वळ विनयाची रीत नाही, तिला गणिताचा आधार आहे. एखाद्या अंकात तीन हजार स्वतंत्र विधाने आहेत आणि प्रत्येक विधान खरे असण्याची शक्यता हजारात नऊशे नव्याण्णव इतकी भक्कम आहे असे धरले, तरी सगळीच्या सगळी विधाने खरी असण्याची शक्यता शेकडा पाचाच्या आसपास उतरते. म्हणजे सुटे सुटे पाहिले तर प्रत्येक वाक्यावर विसंबावे, आणि एकत्र पाहिले तर त्यांच्या बेरजेवर विसंबू नये, हेच शहाणपणाचे ठरते. विश्वास हा असा आहे की तो एकेका विधानावर ठेवता येतो, आणि तरीही त्याची मोळी बांधता येत नाही. हेन्री कायबर्ग यांनी १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात सोडतीच्या तिकिटांच्या उदाहरणाने हाच निष्कर्ष काढला होता : हजारांतील कोणतेही एक तिकीट घेतले तरी ते लागणार नाही असे मानणे रास्त आहे, पण एकही तिकीट लागणार नाही असे मानणे रास्त नाही.

रूढ तर्कशास्त्राला हे पचत नाही, आणि का पचत नाही हे समजून घेण्यासाठी आपल्याच घरातील एक प्रसंग पुरेल. २०२४ साली आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारनंतर लागून १ नोव्हेंबरच्या सायंकाळपर्यंत होती. त्यामुळे लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी, याविषयी देशातील पंचांगकर्त्यांत मतभेद झाला आणि अनेक घरांत दोन पंचांगे दोन निरनिराळे दिवस सांगत समोरासमोर आली. आता ‘लक्ष्मीपूजन आज आहे’ हे विधान खरे धरले, की ‘लक्ष्मीपूजन आज आहे किंवा समईला तेल लागत नाही’ हे जोडविधानही खरे धरावे लागते, कारण ‘किंवा’ने जोडलेल्या दोहोंपैकी एक खरे असले तरी पुरते. त्यानंतर दुसऱ्या पंचांगाच्या भरवशावर ‘लक्ष्मीपूजन आज नाही’ हेही खरे धरले, तर जोडविधानाचा पहिला पर्याय गळून पडतो आणि दुसरा आपोआप सिद्ध होतो : समईला तेल लागत नाही! तेलाच्या जागी वाटेल ते घालावे. एका व्याघातातून जगातील कोणतेही विधान सिद्ध करता येते. मध्ययुगीन युरोपातील पंडितांना ठाऊक असलेला आणि १९३२ साली सी. आय. लुईस यांनी लँगफर्ड यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात नव्याने मांडलेला हा युक्तिवाद रूढ नियमांच्या चौकटीत बिनतोड आहे. आणि तरीही, त्या दिवाळीत दोन पंचांगे हाती असलेल्या एकाही गृहिणीने समईत तेल घालावयाचे राहू दिले नाही.

ही गृहिणी तर्कदुष्ट नव्हती; उलट तिच्या वागण्यात जो तर्क होता, त्याचे नियम लिहून काढण्यास विसाव्या शतकातील विद्वानांना बरीच खटपट करावी लागली. पोलंडचे यान वुकाशेविच यांनी १९१० साली ॲरिस्टॉटलच्या अव्याघात नियमाची निर्भय चिकित्सा केली आणि १९२० साली सत्य व असत्य यांच्या जोडीला तिसरे मूल्य मानणारे तर्कशास्त्र मांडले. त्यांचे शिष्य स्तानिस्लाव याश्कोव्स्की यांनी १९४८ साली तोरून येथे प्रसिद्ध केलेल्या निबंधात सभेतील चर्चेचा नमुना डोळ्यांपुढे ठेवला. सभेत एक वक्ता एक गोष्ट सांगतो, दुसरा तिच्या उलट सांगतो. दोन्ही म्हणणी सभेपुढे आहेत म्हणून दोहोंची नोंद करावयाची, परंतु ती दोन्ही एकाच तोंडी घालून त्यांचे एक संयुक्त विधान बनवावयाचे नाही, कारण तसे म्हणणारा सभेत कोणीच नाही. जोडणीचा हा एकच हक्क काढून घेतला, की व्याघात असूनही सभा भ्रमिष्ट होत नाही. ब्राझीलच्या न्यूटन दा कोस्ता यांनी १९६३ साली निराळ्या वाटेने अशाच व्याघातसहिष्णु तर्कपद्धती रचल्या.

अमेरिकेतील न्यूएल बेलनॅप यांनी मायकेल डन यांच्या कार्याच्या आधारे १९७७ साली जो विचार मांडला, तो आपल्या महसुली दप्तराशी परिचय असलेल्या कोणालाही चटकन उमगेल. अनेकांनी पुरविलेली माहिती साठविणाऱ्या संगणकाने तर्क कसा करावा, असा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तर असे, की प्रत्येक विधानाविषयी चार अवस्था मानाव्या : ते खरे असल्याचे कळविलेले आहे, खोटे असल्याचे कळविलेले आहे, दोन्ही कळविलेले आहे, अथवा काहीच कळविलेले नाही. तलाठ्याच्या दप्तरात एका गटाच्या सातबाऱ्यावर एक नाव आणि फेरफाराच्या नोंदवहीत दुसरे नाव आढळले, म्हणजे तो वाद त्या गटापुरता राहतो. त्यावरून साऱ्या गावाची जमीन बेवारस ठरवून कोणी पंचनामा करीत नाही. कागद तक्रारी नोंदीत जातो, हरकती मागविल्या जातात, सुनावणी होते, आणि तोवर शेजारच्या गटाचा दाखला नेहमीप्रमाणे मिळतो. व्याघाताला त्याच्या हद्दीत रोखून धरणे, आणि त्या हद्दीबाहेरचा व्यवहार अबाधित ठेवणे, हे या तर्काचे मर्म आहे.

आपल्या परंपरेत हा विचार अगदीच अपरिचित नाही. भांडारकर संस्थेने १९२८ साली प्रसिद्ध केलेला, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेला भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी ‘संशय’ आणि ‘सत्प्रतिपक्ष’ या शब्दांखालील विवेचन अवश्य पाहावे. संधिप्रकाशात दूरवर दिसणारी आकृती खांब आहे की माणूस, अशा परस्परविरुद्ध कोटींच्या एकत्र ज्ञानाला नैयायिकांनी सोळा पदार्थांत मानाची जागा दिली, कारण शोधाचा आरंभ तेथूनच होतो. एका हेतूच्या विरोधात तुल्यबळ दुसरा हेतू उभा राहिला, तर सत्प्रतिपक्ष नावाचा दोष होऊन अनुमान थांबते. कोणताच निष्कर्ष निघत नाही, आणि वाटेल तो निष्कर्ष तर मुळीच निघत नाही. जैन आचार्यांच्या स्याद्वादाने ‘अमुक अपेक्षेने’ अशी अट प्रत्येक विधानामागे लावून त्याचे सात भंग सांगितले. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस आणि जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन या दोघांनाही त्या सप्तभंगीने १९५०च्या दशकात लिहिते केले. पूर्वजांनी सर्व काही आधीच शोधून ठेवले होते, असा अर्थ यातून काढू नये. प्राचीनांचा प्रश्न ज्ञानाच्या प्रामाण्याचा होता, आधुनिकांचा प्रश्न विधानांच्या आकाराचा आहे. दोन्ही प्रश्न ज्या अनुभवातून उगवले तो अनुभव मात्र एकच आहे, आणि तो म्हणजे मर्यादित दृष्टीच्या माणसाला सत्याविषयी बोलल्यावाचून राहवत नाही हा.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. व्याघात खपवून घेतला तर टीकेचे शस्त्रच बोथट होते, असे कार्ल पॉपर यांनी १९४० साली बजावले होते : परस्परविरोधी बोलणाऱ्याला ‘मग काय बिघडले?’ असे म्हणण्याची मुभा मिळाली, की विचारविनिमय संपला. सार्वजनिक जीवनात सकाळचा शब्द सायंकाळी फिरविणारी माणसे पाहिली, म्हणजे या इशाऱ्याचे मोल पटते. परंतु सहन करणे आणि मान्य करणे यांत जो भेद आहे, त्यावरच येथे सारे अवलंबून आहे. दप्तरातील वादग्रस्त नोंद तक्रारी म्हणूनच राहते, तिच्यावर निकाल देण्याचे कर्तव्य कोणी माफ केलेले नसते. आपल्या समजुतींत विसंगती आहे हे ज्याने कबूल केले, तो ती शोधावयास मोकळा झाला. ज्याने आपला विश्वासांचा संच अखंड आणि निर्दोष असल्याचा दावा केला, त्याला एक दोष दाखविताच दोनच मार्ग उरतात : दोष दाखविणाऱ्याला वैरी ठरविणे, किंवा होत्या नव्हत्या त्या साऱ्या निष्ठा एकदम फेकून देणे. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील वादांना या दोन्ही रोगांनी ग्रासलेले पाहून मन खिन्न होते. एका चुकीच्या सनावळीवरून सबंध इतिहासकार निकालात निघतो, एका अपवादावरून सबंध परंपरा त्याज्य ठरते, आणि एका विरोधी मतावरून वर्षानुवर्षांचा स्नेह तुटतो. समईला तेल लागत नाही, हा निष्कर्ष आपण कागदावर हसून सोडून देतो आणि व्यवहारात रोज काढीत असतो.

म्हणूनच या अंकाच्या रचनेविषयी दोन शब्द. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची जी प्रथा पाडली, तिचे सामर्थ्य माझ्या मते याश्कोव्स्कींच्या त्या सभेतच आहे. या पानांतही एकमेकांशी न जुळणारी मते शेजारी शेजारी आली आहेत. एकाच घटनेचे दोन लेखकांनी दिलेले दोन तपशील आम्ही कागदपत्रांवरून ताडून पाहिले, जेथे निर्णय झाला तेथे दुरुस्ती केली, आणि जेथे दोन्ही बाजूंचे पुरावे तुल्यबळ निघाले तेथे दोन्ही तसेच राहू दिले. प्रत्येक लेखकाचे म्हणणे त्याच्या नावावर आहे. सर्वांची बेरीज करून संपादकाच्या नावावर घालू नये, एवढीच वाचकांना विनंती.

आता जुळाऱ्याचे खिळे गेले, मुद्रिते संगणकाच्या पडद्यावर येतात. तरी प्रत्येक पान कागदावर उतरवून, पट्टी धरून, सही करूनच आम्ही पुढे धाडले आहे. त्या प्रत्येक सहीवर माझा विश्वास आहे. आणि शेवटच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, चार बोटांची जागा कोरी सोडली आहे. तेथे काय यावयाचे ते आज मला सांगता येत नाही. तुमची पत्रे आली म्हणजे सांगता येईल. ती पत्रे अवश्य लिहा.