आधी झीरो घ्या
पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे संगणकचलित यंत्रांची सामायिक कार्यशाळा, सुरू झाली. अशा सामायिक जागी सीएनसी मिलिंग शिकणाऱ्याची कसोटी झीरो घेण्यात लागते : वाइसमध्ये आवळलेल्या जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, कोपरा एज फाइंडरने शोधून त्याचे स्थान यंत्राच्या जी-५४ या नोंदीत भरावे लागते, आणि आधीच्या कारागिराचा टूल ऑफसेट, म्हणजे कटरच्या लांबीची नोंद, न तपासता वापरल्यास जी-०० या जलद चालीत कटर सरळ वाइसवर आदळू शकतो. नवशिक्याला कितीही कंटाळवाणे वाटले, तरी पहिला फेरा जॉबच्या वर, हवेत, सिंगल ब्लॉकवर प्रोग्रामची एकेक ओळ पाहतच चालवावा.