बाळोत्यांचा प्रश्न

घरात मूल जन्मास आले की नाव काय ठेवावयाचे यावर आठ दिवस खल चालतो. बारशाला कोणास बोलवावे, पाळणा कोठून आणावा यावर वाद होतात. परंतु त्या मुलाच्या कमरेस काय बांधावयाचे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. दुकानातून डायपरचा पुडा आणला की प्रश्न मिटला अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो केवळ उंबरठ्याबाहेर जातो. बेळगाव शहरापुरते बोलावयाचे तर तो वेंगुर्ले रस्त्याने तुरमुरीच्या कचरा डेपोत जाऊन पडतो आणि तेथील गावकऱ्यांच्या दारी ठाण मांडून बसतो.

केंद्र सरकारने घनकचऱ्यासंबंधी नवे नियम केले असून त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. ओला व सुका कचरा एवढेच दोन भाग आता पुरे नाहीत. डायपर, सॅनिटरी पॅड यांचा कचरा नीट गुंडाळून निराळा ठेवावयाचा आहे. रंगाचे डबे, बल्ब, जुनी औषधे यांचा चौथा वर्ग आहे. वापरलेले डायपर गुंडाळून द्यावेत हे २०१६ च्या नियमांतही होतेच. इतकेच नव्हे, तर उत्पादकांनी पुड्याबरोबर विल्हेवाटीसाठी पिशवी अथवा वेष्टन द्यावे, असेही त्या नियमांत म्हटले होते. अशी पिशवी आपल्या घरी कितीदा आली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. नियम कागदावर आणि डायपर गटारात, अशी स्थिती पुन्हा येऊ द्यावयाची नसेल तर प्रश्नाचे मूळ पाहिले पाहिजे.

ज्या १९६१ साली गोवा मुक्त झाला, त्याच साली अमेरिकेत एकदा वापरून फेकण्याचा डायपर एका बड्या कंपनीने बाजारात आणला. आजच्या डायपरात लाकडाच्या लगद्याचा कापूस असतो, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओल शोषणारी रासायनिक भुकटी असते आणि आतबाहेर प्लॅस्टिकचे पातळ थर असतात. हे सारे एकमेकांस इतके चिकटलेले की निराळे करणे महाकठीण. दिवसाला चार धरले तरी अडीच वर्षांत एका मुलामागे साडेतीन हजारांहून अधिक डायपर होतात. मूल मोठे होते, शाळेत जाते, त्याचे लग्न होते. त्याने तान्हेपणी वापरलेले प्लॅस्टिक मात्र तेव्हाही कोठेतरी मातीत तसेच पडलेले असते.

यावर बाजाराने उत्तर काढले ते पर्यावरणस्नेही डायपराचे. पुड्यावर हिरवे पान छापलेले, आत बांबूचा अथवा वनस्पतिजन्य धागा, किंमत दुप्पट. यातील काही माल सरस असेलही. परंतु ग्राहकाने दोन प्रश्न विचारावेत. सगळा डायपर कुजणारा आहे की केवळ वरचा थर? आणि कुजणारा असला तरी तो कुजवावयाचा कोठे? अशा वस्तूंना योग्य उष्णता, हवा व ओल असलेली खतशाळा लागते. ती नसेल, तर कचऱ्याच्या ढिगाखाली हवेवाचून कुजणारा पदार्थ मिथेन वायू सोडतो. आणि हवामान तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडहूनही जहाल आहे. म्हणजे पानाचे चित्र छापून काम भागत नाही, पुढची सोय लागते. बेळगाव काय, निपाणी काय किंवा आपली किनाऱ्यावरची गावे काय, त्या सोयीवाचून हिरवा डायपर आणि पांढरा डायपर एकाच ढिगात जाणार.

मग आजीची बाळोतीच बरी, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण तेही पारखून घ्यावे. ब्रिटनमध्ये सरकारी यंत्रणेने याचा काटेकोर हिशेब मांडला. २००८ च्या अहवालात असे दिसले की अडीच वर्षांच्या वापरात फेकण्याचे डायपर सुमारे ५५० किलो कार्बनचा भार टाकतात, तर कापडी लंगोट ५७० किलोंचा. वाचणारा चकित होतो. परंतु त्याच अहवालाने पुढे सांगितले की कपडे यंत्र भरून धुतले, दोरीवर वाळविले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडाचा भार सुमारे २०० किलोंनी उतरतो. २०२३ च्या नव्या पाहणीत तर कापडी लंगोटांचा भार फेकण्याच्या डायपरांहून २५ टक्क्यांनी कमी आढळला. तात्पर्य, दोष कापडाचा नसून ते कढत पाण्यात धुण्याचा व विजेवर वाळविण्याचा आहे. बेळगावला वर्षातील आठ महिने ऊन फुकट मिळते. मऊ झालेल्या सुती लुगड्याची बाळोती, थोरल्याची धाकट्याला आणि बहिणीची भावजयीला, ही आपली जुनी रीत नेमकी त्या अहवालाच्या शिफारशीप्रमाणे चालत आली होती.

परंतु त्या रीतीचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. ती बाळोती धूत कोण होते? बाळंतीण उठली की ती, ती उठेपर्यंत तिची आई वा सासू. पावसाळ्यात कपडे वाळत नसत तेव्हा शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर एकेक बाळोते शेकत रात्र काढली तीही बायकांनीच. निपाणीत तान्हे मूल मांडीशी घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला दिवसाला सहा-आठ बाळोती धुण्याचा उपदेश करणे सोपे आहे. तिचा वेळ हाच तिचा रोजगार, हे मात्र उपदेशकाच्या ध्यानी येत नाही. तीच गोष्ट पाण्याची. बेळगावच्या काही प्रभागांत २००८ साली चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. बाकीच्या वस्त्यांतील गृहिणींनी कित्येक उन्हाळे नळाची वाट पाहण्यात काढले. राकसकोपचे पाणी घरात येत नसेल तर बाळोते धुवावयाचे कशात? डायपर घेणाऱ्या आईला आळशी म्हणणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आमच्या मते यातून मध्यम मार्ग काढता येतो. दिवसा घरात सुती लंगोट. रात्री, प्रवासात व मुसळधार पावसाच्या दिवसांत डायपर. एवढ्यानेही निम्म्याहून अधिक कचरा टळेल आणि खर्चही वाचेल. एका डायपराचे दहा रुपये धरले तरी दिवसाला चार म्हणजे महिन्याला बाराशे रुपये होतात. विडी कामगाराच्या घरात ही रक्कम लहान नव्हे. लंगोट धुण्याचे काम बापानेही करावे. त्याने पुरुषार्थ कमी होत नाही. डायपर टाकताना आतील मळ शौचकुपात ओतावा, डायपर कागदात गुंडाळून निराळा द्यावा. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याचा प्रघात पाडू पाहिला. हेतू साधा आहे: ती पुडी उचलणाऱ्या माणसाचा हात नकळत घाणीत जाऊ नये. कर्नाटकात ज्यांना पौरकार्मिक म्हणतात त्या सफाई कामगारांच्या घरीही तान्ही मुले असतात.

राहिली संस्थांची जबाबदारी. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत आजही माग चालतात. तेथील विणकर व महिलांचे बचत गट यांना सुती लंगोट शिवून विकण्याचे काम मिळाले तर बाळंतिणींची सोय होईल आणि घरबसल्या रोजगारही होईल. महापालिकेने प्रसूतिगृहांतूनच ही माहिती द्यावी, डायपरचा कचरा निराळा उचलावा. आणि उत्पादकांनी नियमाप्रमाणे वेष्टन द्यावे, न देणाऱ्यांना जाब विचारावा.

घाटाखाली राहणाऱ्या आम्हा लोकांना बेळगावच्या बाळोत्यांचे काय, असे कोणी विचारील. चोर्ला घाटातून रोज उतरणारी भाजी आपल्या ताटात येते. म्हादई उगम पावते तीही खानापूरच्या रानात. वर टाकलेले खाली येणार, हा पाण्याचा धर्म आहे. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. नदी आणि कचरा त्या निकालासाठी थांबत नाहीत, आणि मूलही नाही. त्या मुलाच्या नावावर आपण घर ठेवतो, शेत ठेवतो, दागिना ठेवतो. त्याच्याच तान्हेपणाचा उकिरडा त्याच्या नावावर ठेवू नये, एवढी काळजी आईबापांनी आणि नगरपित्यांनी मिळून घ्यावी.