दम लागतो, त्याला आळस म्हणू नका

आमच्या चाळीतील एक सून जिना चढताना दोनदा थांबायची. सासू म्हणे, कामचुकार आहे. शेजारीण म्हणे, अंगात रक्त नाही. बाहेरचे काही असेल, असेही कुणी सुचविले. शेवटी महिला मंडळाच्या ताईंना सोबत घेऊन आम्ही तिला सरकारी रुग्णालयात नेले. इको तपासणीत कळले की, हृदयाची मायट्रल झडप आकसली आहे.

हा आजार घरात शिरतो कसा? लहानपणी घसा दुखतो, ताप येतो. आपण काढा देऊन मोकळे होतो. त्यातून काही मुलांना सांधे सुजणारा संधिवाताचा ताप येतो. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत तो जास्त. दाटीवाटीच्या खोल्यांत घशाचा संसर्ग लवकर पसरतो. पुढे सांधे बरे होतात, पण झडप बिघडते. निरोगी माणसाची ही झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. ती दीडच्या खाली आली की रक्त फुप्फुसाकडे तुंबते आणि दम लागतो. गरोदरपणात तर हे जिवावर बेतू शकते.

ऑपरेशन म्हटले की घरचे हादरतात. पण जपानचे डॉ. कांजी इनोउए यांनी १९८२ साली फुग्याने झडप उघडून दाखविली. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून फुगा झडपेत बसवितात आणि काही क्षण फुगवितात. चिकटलेल्या पाळ्या सुटतात. छाती उघडावी लागत नाही. आमची ही सून चौथ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली.

मात्र झडप फार गळत असेल किंवा कप्प्यात रक्ताची गुठळी असेल, तर हा उपाय चालत नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

आणखी एक सांगणे. फुग्याने झडप उघडते, आजाराची मुळे जात नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले पेनिसिलीनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, सांगितली तितकी वर्षे घ्यावेच लागते. बरे वाटले म्हणून, किंवा रोज बुडतो म्हणून ते चुकवू नका.

त्या सासूबाईंनी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुनेच्या इंजेक्शनच्या तारखांना खुणा केल्या आहेत. बंधू-भगिनींनो, आपल्या घरात कुणाला दम लागत असेल, तर नावे ठेवण्याआधी तपासणी करा.