वेगळं गाव मागणारा खलनायक?
“मामा, छळ झालेल्यांनी स्वतःचा देश केला, तर ते वाईट कसे?” डोंबिवलीच्या आमच्या घरात एक्स-मेनचं कॉमिक वाचता वाचता भाच्यानं विचारलं. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये मॅग्नेटो या म्युटंटाला, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्या माणसाला, सरळ खलनायक म्हणून आणलं. पुढे ख्रिस क्लेअरमाँटनं त्याला नाझी छळछावणीतून वाचलेला माणूस केलं आणि त्याच्या रागाचं मूळ वाचकांना कळलं. पण त्याचं जेनोशा हे म्युटंटांचं राष्ट्र २००१ च्या अंकात बेचिराख झालं, कोट्यवधी जिवांसकट. मी भाच्याला आपल्याकडची हकिकत सांगितली. जुलै १९४२ मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत झालेल्या परिषदेनं अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहती मागितल्या. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही बाबासाहेबांनी ती मागणी मांडली. ती देश तोडण्यासाठी नव्हती. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला पोटासाठी त्याच गावापुढे वाकावं लागू नये, म्हणून होती. मॅग्नेटो चुकतो तो वेगळं घर बांधतो म्हणून नव्हे, तर इतरांना हीन मानून त्यांच्यावर राज्य करू पाहतो म्हणून. बाबासाहेबांनी मात्र समता मागितली, आणि ती सगळ्यांसाठी संविधानात लिहिली. म्हणून कुणी वेगळं गाव मागितलं, की त्याला खलनायक ठरवण्याआधी आपण आपल्या गावाची वेस तपासावी. ती त्याच्यासाठी कधी उघडी होती का?