मॅडम, हरकत की सूचना?

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या शहरात एक रस्ता नव्याने बांधायचं ठरलं. रुंद फुटपाथ, सायकलींना वेगळी पट्टी, व्हीलचेअरसाठी उतार. शहराचं नाव सांगत नाही, तुमचंच समजा. पेपरात आतल्या पानावर, टेंडर नोटिशींच्या गर्दीत, दोन बोटांएवढी जाहीर सूचना आली: नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. मुदत सात दिवस. नकाशा कार्यालयीन वेळेत पाहायला मिळेल.

मला ती रद्दी बांधताना दिसली. सहाव्या दिवशी.

दोन वर्षांपूर्वी आईला पॅरालिसिसचा झटका आला. आता ती वॉकर घेऊन चालते. मंडई आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे, म्हणजे माझ्या पाच मिनिटांवर. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. वाटेत झाड, डीपी, फ्लेक्सचा खांब, आडव्या लावलेल्या स्कूटर. एवढ्या जवळ रिक्षावाला येत नाही. त्यामुळे चाळीस वर्षं स्वतः वांगी दाबून घेणारी बाई आता ॲपवरून आलेली वांगी निमूटपणे घेते. डॉक्टर सांगतात, 'रोज चाला.' कुठे?

म्हणून सुनावणीला गेलो. मंगळवार, सकाळी अकरा, दुसरा मजला, लिफ्ट बंद. आई खाली रिक्षात बसून राहिली.

हॉलमध्ये वीसेक माणसं. पार्किंग जाणार म्हणून चिडलेले दुकानदार, फेरीवाले हटवा म्हणणारे निवृत्त काका, आणि हेल्मेटसकट आलेले तीन सायकलवाले, जे रविवारी पहाटे घाट चढतात. सायकलवाले म्हणून बोलले ते हेच. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन रोज अंधारात सायकल मारत ड्यूटीवर येतो, तो तिथे नव्हता. चार घरची कामं करत दिवसभर चालणाऱ्या मावशी नव्हत्या. शाळेच्या मुली नव्हत्या. त्यांना रस नव्हता असं कोण म्हणेल? मंगळवारी अकरा वाजता त्या सगळ्या त्याच रस्त्यावर होत्या.

अर्जात मिळकत क्रमांकाचा रकाना होता. म्हणजे भाडेकरू बाद. मी आईचं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, मग पेन उचलून विचारलं, "मॅडम, ही हरकत आहे की सूचना? तेवढं सांगा."

मी म्हटलं, "आईला चालायचंय."

त्यांनी हरकतीवर टिक केली.

मला राग आला तो साहेबांचा नाही, प्रश्नाचा. फुटपाथ हवा की नको, हे लोकांना विचारायचं कारणच नाही. ते ठरून गेलंय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आईचं चालणं दुकानदाराच्या पार्किंगसमोर मतदानाला लावण्याची गोष्ट उरलेली नाही. लोकांना विचारा, जरूर विचारा, पण वेगळं विचारा: कुठे अडतं? कुठे पडलात? रात्री कोणत्या कोपऱ्यावरून जायला नको वाटतं? याचं उत्तर कोणत्याही कन्सल्टंटकडे नाही, मावशींकडे आहे.

दुकानदारांचं अगदीच खोटं नाही. टेम्पोतून माल कुठे उतरवायचा हा खरा प्रश्न आहे, आणि त्यावर नकाशात उत्तर नव्हतं. ते असतं तर निम्मं भांडण मिटलं असतं.

कागद आपल्याकडे कमी नाहीत. पुणे घ्या, एकेकाळचं सायकलींचं शहर. तिथे २०१६ मध्ये पादचारी धोरण झालं, २०१७ मध्ये सायकल आराखडा. त्याआधी बीआरटीबरोबर सायकल ट्रॅकही बांधले होते; त्यांवर गाड्या लागल्या, टपऱ्या आल्या. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो. वर्षातून एक दिवस. बैलांनाही पोळा एकच दिवस असतो म्हणा. आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते. गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडे?

वेल्समध्ये २०१३ साली चालण्या-सायकलीसाठी कायदा झाला. तिथल्या कौन्सिलना अशा मार्गांचे नकाशे काढावे लागतात आणि मसुद्यावर लोकांना किमान बारा आठवडे द्यावे लागतात. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, भांडणं तिथेही होतात. पण बारा आठवडे कुठे आणि सात दिवस कुठे.

आणि आपण? आपण खड्ड्यांवर रील करतो. मीही केलंय, चांगलं चाललं होतं. त्यातला एकही लाइक त्या फाइलला लागला नाही. फाइलला लागतो तो आवक-जावकचा शिक्का मारलेला कागद. आमच्या हॉलमध्ये तिशीच्या आतले दोघंच होतो, त्यातला एक चहा देत होता.

माझ्या अर्जाला अजून उत्तर नाही. प्रत्येक सूचनेवर 'मान्य' किंवा 'अमान्य, कारण अमुक' एवढं जरी लिहून दिलं तरी माणूस पुन्हा जाईल. नाहीतर सुनावणी म्हणजे नुसतं ऐकल्यासारखं करणं.

पुढची सुनावणी रस्त्यावरच, संध्याकाळी घ्या, असा दुसरा अर्ज कालच दिलाय. मिळकत क्रमांकाच्या रकान्यात 'पायी' असं लिहिलं. ते उत्तर देईपर्यंत आमची आम्ही सुरुवात करतोय. रविवारी आई वॉकर घेऊन निघणार, मी खडू आणि मोजपट्टी घेऊन मागे. वॉचमनदादा ड्यूटी संपवून येतो म्हणालेत, मावशी दोघींना घेऊन येणार आहेत. जिथे वॉकर अडेल तिथे फुली, उंची आणि फोटो. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. शेवटचा थांबा मंडई; आईने पिशवी काढून ठेवलीये.