केसपेपरवर न आलेले वजन

४ मार्च हा जागतिक स्थूलता दिन. ११ मार्चला करोनाला महासाथ म्हटले गेल्याची, म्हणजे २०२० मधल्या त्या घोषणेची, आठवण निघते. या दोन तारखा आठवड्याच्या अंतराने याव्यात हा योगायोग. पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीने त्यांचा एकत्र विचार करायला हवा.

डोंबिवलीच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुलात एरवी माणसे पहाटे धावायला येत. २०२० च्या पावसाळ्यात तिथे ऑक्सिजनच्या खाटा लागल्या. कल्याणला लालचौकीची आर्ट गॅलरी, ठाण्यात बाळकुमचे ग्लोबल इम्पॅक्ट हब अशा मिळेल त्या जागी रुग्णालये उभी राहिली. खासगी डॉक्टर 'डॉक्टर आर्मी' म्हणून पालिकेच्या मदतीला आले. केंद्राच्या स्मार्ट सिटी स्पर्धेत कल्याण-डोंबिवलीला वाराणसीबरोबर 'कोविड इनोव्हेशन' पुरस्कारही मिळाला. तो योग्यच होता. मात्र त्या खाटांवरचा एक धोका आपण डोळ्यांनी बघत होतो आणि कागदावर घेत नव्हतो.

पहिल्या लाटेत राज्याच्या रोजच्या आरोग्य पत्रकात एक ठरलेले वाक्य असे. मृतांपैकी इतक्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे 'अतिजोखमीचे आजार' होते. वजनाला त्या वाक्यात जागा नसे.

ऑगस्ट २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या बॅरी पॉपकिन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. लठ्ठ व्यक्तींना करोना झाला तर रुग्णालयात जावे लागण्याची शक्यता ११३ टक्क्यांनी, अतिदक्षता विभागाची ७४ टक्क्यांनी आणि मृत्यूची ४८ टक्क्यांनी जास्त दिसली. पुढे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २३८ रुग्णालयांतल्या १,४८,४९४ प्रौढ रुग्णांची नोंद तपासली. त्यातले जवळपास ७९ टक्के जादा वजनाचे किंवा लठ्ठ होते. एवढ्यावरून घाबरायचे कारण नाही, कारण तो देशच मुळात वजनदार आहे. खरी बोलकी होती ती बीएमआयबरोबर, म्हणजे उंचीच्या हिशेबात मोजलेल्या वजनाबरोबर, चढत जाणारी जोखीम. आणि ती पासष्टीच्या आतल्यांना जास्त जाचली.

हे का होते? पोटावरची चरबी श्वासपटलाला वर ढकलते. आडवे झोपल्यावर फुप्फुसांचा खालचा भाग मिटू लागतो, म्हणजे नेमका जिथे या विषाणूने आधीच घर केलेले असते तो. श्वासाची शिल्लक मुळात कमी, त्यामुळे नळी घालताना ऑक्सिजन भराभर उतरतो आणि डॉक्टरांच्या हातात काही सेकंदच राहतात. शिवाय चरबी ही गप्प पडून राहणारी गोष्ट नाही. ती दाह वाढवणारी रसायने सोडत असते, रक्त गोठण्याकडे कल वाढवते, आणि हा विषाणू चरबीच्या पेशींतही शिरतो असे नंतर प्रयोगशाळांत दिसले. 'पालथे झोपा, लेव्हल वाढेल' असे वॉर्डात सांगितले जाई; सुटलेल्या पोटावर ते तासन् तास कसे जमणार? व्हेंटिलेटरवरच्या माणसाला पालथे करायला चार-पाच जण लागतात, आणि इथे ते सगळे पीपीई किटमध्ये घामाने निथळलेले.

आपल्याकडे 'लठ्ठ' म्हटले की डोळ्यांपुढे भलतीच अवाढव्य आकृती येते. भारतीयांसाठीचे निकष वेगळे आहेत. २००९ मध्ये ठरल्याप्रमाणे बीएमआय २३ ला जादा वजन, २५ ला लठ्ठपणा. पाच फूट पाच इंच उंचीचा, ६८ किलोचा गृहस्थ त्या रेषेवर येतो. डोंबिवलीच्या फलाटावर त्याला कोणी जाडा म्हणणार नाही, फार तर खात्यापित्या घरचा म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच माप छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. म्हणून वजनकाट्याबरोबर कंबरेची टेपही हवी. पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०, त्यापुढे धोका.

लसीकरणातही वजन असेच निसटले. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली. केंद्राच्या यादीत २० व्याधी होत्या. लठ्ठपणा त्यात नव्हता. ब्रिटनने ४० आणि त्यापुढच्या बीएमआयला प्राधान्यगटात घेतले होते. आपल्याकडे महिन्याभरात ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली म्हणून ही चूक झाकली गेली, इतकेच.

याचा अर्थ लठ्ठ माणसाला फटकारावे असा अजिबात नाही. सकाळी चेंगरत लोकल पकडायची, रात्री नऊला दार उघडायचे, दहाला जेवायचे, हा ज्यांचा दिवस त्यांना 'रोज व्यायाम करा' सांगणे ही चैन आहे. फूटपाथ फेरीवाल्यांकडे किंवा दुचाकींकडे. मासुंदा तलावाभोवती किंवा कल्याणच्या काळा तलावाकाठी फिरणाऱ्यांची गर्दी पाहिली, की चालायची हौस लोकांना आहे हे कळते. कमी आहे ती जागा. लॉकडाऊनमध्ये तीही बंद होती, आणि घरोघरी यूट्यूबवर जिलब्या शिकणे चालले होते. त्याबद्दल कोणाला दोष द्यावा?

महापालिकांकडे मागणे साधे आहे. बाह्यरुग्ण विभागात आणि 'आपला दवाखाना'त रक्तदाबाबरोबर उंची, वजन, कंबर यांची नोंद प्रत्येक केसपेपरवर व्हावी. तशी नोंद असती, तर आपल्या वॉर्डांतल्या रुग्णांबद्दल बोलताना आज अमेरिकेचे आकडे उसने घ्यावे लागले नसते. आणि रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरपासून सीटी स्कॅनच्या टेबलापर्यंत प्रत्येक साधनाला वजन पेलण्याची मर्यादा असते. शास्त्रीनगर, रुक्मिणीबाई आणि कळव्याच्या रुग्णालयांत ती किती किलो आहे, हे पालिकांनी रुग्ण दारात येण्याआधी जाहीर करावे.